वास लपतो, धूर लपत नाही

गेल्या पंधरवड्यात या सदराच्या नावाने एक जाड पाकीट आले. आत वहीची चार पाने होती आणि पहिल्याच ओळीत विनंती होती, "कृपया नाव-गाव छापू नये." पत्र एका भगिनीचे आहे. त्या लिहितात : "डॉक्टरसाहेब, आमचे हे गेली कित्येक वर्षे रात्री घरातच गांजा ओढतात. दारू नाही, मारझोड नाही, कामधंदा नीट आहे. पण घराला वास मारतो. मी उदबत्ती लावते, धूप घालते, फवारा मारते, तरी वास जात नाही. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे. तिला सातवा लागला की आणायचे आहे. तिच्या सासरची माणसे येत-जात राहणार. त्यांच्या नाकाला हा वास लागला तर मुलीला जन्मभर ऐकून घ्यावे लागेल. वास घालवण्याचा काही खात्रीचा उपाय असेल तर सांगा."

खरे सांगतो, पत्र वाचून मी ते बाजूला ठेवून दिले होते. गांजा बाळगणे आणि ओढणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्याचा वास कसा लपवावा हे वर्तमानपत्रातून सांगणे हे काही डॉक्टरचे काम नव्हे. पण ते पत्र डोक्यातून जाईना. पुन्हा वाचले तेव्हा ध्यानात आले की या बाईंनी सगळे लिहिले आहे, फक्त एक गोष्ट लिहिलेली नाही. सासरच्या मंडळींच्या नाकाची त्यांना काळजी आहे, पण येणाऱ्या बाळाच्या फुफ्फुसाचा विचार त्यांच्या मनात आलेला नाही. यात त्यांचा दोष नाही. वास कळतो, धूर अंगात मुरतो तो कळत नाही. म्हणून आजचा लेख याच विषयावर आहे.

वास वेगळा, धूर वेगळा

गांजाला जो उग्र वास असतो तो काही प्रमाणात टर्पीन नावाच्या द्रव्यांचा असतो. लिंबाची साल, लवंग, मिरी, हॉप्स यांच्यातही याच कुळातली द्रव्ये असतात. पण नाकात भरणारा तो कुबट दर्प मुख्यतः गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ही द्रव्ये लसणातल्या वासाच्या द्रव्यांची जवळची नातेवाईक आहेत. गंधकाची द्रव्ये अत्यंत कमी प्रमाणात असली तरी माणसाचे नाक ती ओळखते. त्यामुळे घरात अगदी थोडा वास उरला तरी पाहुण्याला तो दारातच कळतो.

वासाने अंगाला फारसा धोका नसतो. धोका असतो तो धुराचा. वाळलेला पाला, बोंडे आणि त्यात मिसळलेली तंबाखू जळते तेव्हा तीन गोष्टी हवेत येतात :

१) अतिसूक्ष्म कण. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक. हे नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. डांबर म्हणतात ते यांतच असते.

२) वायू. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड इत्यादी. यांतला कार्बन मोनॉक्साइड सर्वांत दगाबाज, कारण त्याला वासही नाही आणि रंगही नाही.

३) गांजातले नशेचे द्रव्य, म्हणजे टी.एच.सी.

हे तीन आणि चौथा वास, असे चार पाहुणे एकाच वेळी घरात शिरतात. आपण उदबत्ती लावून चौथ्याच्या तोंडावर पदर टाकतो. बाकीचे तिघे पाय पसरून बसलेलेच असतात.

"तंबाखूपेक्षा बरा" हा समज

"गांजा झाडाचा पाला आहे, सिगारेटसारखा विषारी नाही," असे मला अनेक रुग्ण सांगतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे झालेल्या अभ्यासात तीच माणसे तंबाखू ओढतानाही तपासली आणि गांजा ओढतानाही. गांजानंतर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तंबाखूच्या मानाने जवळजवळ पाचपट वाढला आणि छातीत ओढले गेलेले डांबर सुमारे तिप्पट होते. याचे कारण ओढण्याच्या पद्धतीत आहे. गांजाचा झुरका मोठा असतो, खोल असतो आणि तो छातीत धरून ठेवतात. धरून ठेवल्याने नशा फारशी वाढत नाही, डांबर मात्र जास्त चिकटते. २००७ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी यंत्राने धूर मोजला, तेव्हा गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या सुमारे वीसपट आढळला. २००९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने गांजाचा धूर कर्करोगकारक पदार्थांच्या सरकारी यादीत घातला.

शिवाय आपल्याकडे चिलमीत नुसता गांजा क्वचितच असतो. तंबाखू चोळून मिसळलेली असतेच. म्हणजे घरात दोन्ही धूर एकदम येतात.

चिलमीच्या बुडाला ओली साफी गुंडाळतात आणि "कचरा साफीतच राहतो" असे सांगतात. साफीमुळे राख तोंडात येत नाही आणि धूर थोडा गार लागतो, इतकेच. वायू आणि अतिसूक्ष्म कण ओल्या फडक्यातून आरपार जातात. आणि साफी ओढणाऱ्याच्या तोंडाशी असते. चिलमीच्या वरच्या तोंडातून जो धूर खोलीत जातो त्याला कुठलीच साफी नसते. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला तोच येतो.

माझ्या हातून झालेली चूक

येथे मला एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. दर महिना-दीड महिन्याने छाती भरायची, रात्री श्वास लागायचा, बरगड्या आत ओढल्या जायच्या. मी वाफ दिली, दम्याचा पंप सुरू केला, आईला तो नळीतून कसा द्यायचा ते शिकवले. धूळ, थंड पदार्थ, घरातले मांजर, सगळे विचारून झाले. दोन हिवाळे गेले. पोराची शाळा बुडत होती आणि मी पंपाची मात्रा वाढवत होतो.

एकदा त्यांच्याच वस्तीत दुसऱ्या रुग्णाला पाहायला गेलो होतो, तेव्हा आईने घरात बोलावले. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. आत शिरताच चंदनाच्या उदबत्तीचा इतका दाट वास आला की मलाच खोकला सुटला. देव्हाऱ्यापाशी दोन उदबत्त्या, दाराशी एक, कोपऱ्यात डासांची कॉइल. खिडकीला जुने पोते ठोकलेले. मी म्हणालो, "ताई, एवढ्या उदबत्त्या कशाला?" त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मुलगाच म्हणाला, "बाबांचा वास जावा म्हणून."

बाबा रात्री पोर निजल्यावर त्याच खोलीत चिलीम ओढत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडकीला पोते. वास मरावा म्हणून उदबत्ती. आणि पोर गोधडीत, चार हातांवर.

मी दोन वर्षांत त्या बाईंना मांजराबद्दल विचारले होते, पण "घरात कोणी काही ओढते का?" हा प्रश्न विचारला नव्हता. बाप सभ्य होता, दवाखान्यात हात जोडून बसायचा, म्हणून मी गृहीत धरले. तेव्हापासून खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांना मी हा प्रश्न विचारतो, आणि तंबाखू, विडी, गांजा अशी नावे घेऊन विचारतो.

वास घालवण्याचे घरगुती उपाय : काय होते?

आता आपल्या पत्रलेखिकेच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. लोक जे उपाय करतात ते एकेक तपासून पाहू.

उदबत्ती, धूप, कापूर : यांनी वास जात नाही, त्यावर दुसरा वास बसतो. शिवाय उदबत्ती म्हणजेसुद्धा जळणारा भुसा आणि कोळसा. तिचेही सूक्ष्म कण तेच आणि तेथेच जाणारे. धुरावर धूर चढवल्याने एकूण धूर वाढतो. देवापुढे एक उदबत्ती दार-खिडकी उघडी ठेवून लावणे निराळे, आणि बंद खोलीत चार लावणे निराळे.

डासांची कॉइल : हिच्याबद्दल तर कडक बोलले पाहिजे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत कॉइल लावून तिच्या वासाखाली गांजाचा वास दडवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. मच्छरदाणी वापरा.

सुगंधी फवारे : थोडा वेळ फसवतात. श्वासनलिका नाजूक असलेल्या माणसाला या सुगंधानेही खोकल्याची उबळ येते.

दाराखाली ओला टॉवेल, खिडकीला पोते : हा सर्वांत वाईट उपाय. शेजाऱ्याला वास जात नाही हे खरे, पण धूर मग कोठे जातो? आतच राहतो. साधा हिशोब करू. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. समजा तीत अवघे दहा मिलिग्रॅम सूक्ष्म कण पसरले, म्हणजे मिठाचे काही दाणे. तरी दर घनमीटरला जवळजवळ ३०० मायक्रोग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाच्या सरासरीसाठी घालून दिलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे वीसपट.

पंखा : पंखा हवा फिरवतो, काढत नाही. एका कोपऱ्यातला धूर चारी कोपऱ्यांत वाटून देतो.

खिडकी उघडणे, बाहेर हवा फेकणारा पंखा : याचा उपयोग होतो, पण अर्धवट. २०१५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे असा प्रयोग झाला. न ओढणाऱ्या माणसांना ओढणाऱ्यांबरोबर तासभर खोलीत बसवले. हवा बंद ठेवली तेव्हा न ओढणाऱ्यांनाही सौम्य नशेची लक्षणे जाणवली आणि काहींच्या लघवीच्या तपासणीत गांजा दिसला. हवा खेळती ठेवली तेव्हा नशेची लक्षणे दिसली नाहीत. म्हणजे खेळत्या हवेने फरक पडतो हे नक्की. पण नशा चढली नाही म्हणून धूर बाधला नाही असे नव्हे. तंबाखूच्या धुराबद्दल अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवाल स्पष्ट सांगतो की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही आणि हवा खेळती ठेवून किंवा यंत्राने गाळून हा धोका पूर्ण टळत नाही.

हवा शुद्ध करण्याचे यंत्र : आता तालुक्याच्या दुकानातही ही यंत्रे मिळतात. यातली बारीक कागदी जाळी कण पकडते, वास पकडत नाही. वासासाठी वेगळ्या प्रक्रियेने तयार केलेल्या कोळशाचा थर लागतो. तो भरला की काम थांबते, बदलावा लागतो. आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींतून सुखरूप निघून जातो. चुलीतला साधा कोळसा टोपलीत ठेवल्याने तर फारच थोडे साधते.

नाकाची साक्ष : आणखी एक गोष्ट. रोज त्याच वासात राहणाऱ्याचे नाक मरते. "आता काही वास येत नाही" हे घरातल्या माणसाचे म्हणणे पुरावा म्हणून धरू नये. तासभर बाहेर फिरून या आणि दार उघडताना पहिला श्वास घ्या. तोच पाहुण्याचा श्वास.

शेजारी बसलेल्याला काय होते?

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी उंदरांना एक मिनिट गांजाच्या धुरात ठेवले. त्यांच्या रक्तवाहिन्यांची पसरण्याची क्षमता मंदावली आणि दीड तास झाला तरी ती पूर्ववत आली नाही. तंबाखूच्या धुरानंतर ती अर्ध्या तासात सावरली होती. नशेचे द्रव्य काढून टाकलेल्या गांजाच्या धुरानेही तेच झाले. म्हणजे येथे दोष धुराचा आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून दुसरी माहिती आली. छातीच्या विकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या तान्ह्या मुलांची लघवी तपासली, तेव्हा सुमारे सहांतल्या एका मुलात गांजाचा अंश सापडला. या मुलांनी काही ओढले नव्हते. त्यांनी फक्त घरात श्वास घेतला होता.

तान्ह्या मुलाला धोका जास्त का? मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, नवजात बाळ चाळीस ते साठ. त्याच्या श्वासनलिका अरुंद, जराशी सूज आली तरी वाट बंद. ते उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. आईच्या पोटात असतानाही ते सुटत नाही. आईच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड वार ओलांडून बाळाकडे जातो आणि बाळाचे रक्त तो अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे प्राणवायू कमी पडतो. गरोदरपणी दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर घेणाऱ्या स्त्रियांची बाळे वजनाला कमी भरतात, आणि जन्मानंतर अशा घरातल्या मुलांना छातीचे विकार, कानाचे विकार आणि झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो, हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. गांजाच्या धुरात बहुतेक तेच विषारी घटक आहेत. ताईंच्या घरी तर तंबाखूही त्याच चिलमीत असणार.

खरा उपाय काय?

ताई, आता तुम्हाला उद्देशून लिहितो. लेक यायला महिना असो की दोन महिने, तेवढ्यात पुढील गोष्टी होऊ शकतात.

१) घरात ओढणे बंद. फक्त एवढेच आधी. मागच्या खोलीत नाही, न्हाणीघरात नाही, खिडकीशी नाही, गॅलरीतही नाही. खिडकीशी ओढलेला धूर वाऱ्याबरोबर परत आत येतो. वास आणि धूर दोन्ही एकदम थांबवणारा हा एकच उपाय आहे आणि तो फुकट आहे.

२) यजमान सोडायला लगेच तयार नसतील, तरी घराबाहेर आणि दारा-खिडक्यांपासून निदान वीस-पंचवीस फूट दूर. त्यानंतर पाच-दहा मिनिटे बाहेरच थांबावे, कारण श्वासातून धूर निघतच असतो. चूळ भरून, हात-तोंड धुऊन, अंगातला सदरा बदलून मगच आत यावे. बाळाला त्या सदऱ्याने छातीशी धरू नये. मी ही परवानगी देत नाही. बाहेर ओढले तरी गुन्हा तो गुन्हाच, आणि ओढणाऱ्याच्या फुफ्फुसाची हानीही तेवढीच. मी फक्त बाळाच्या आणि धुराच्या मध्ये अंतर घालतो आहे.

३) घर धुऊन काढा. गांजाच्या धुरातले कण राळेसारखे चिकट असतात. ते पडदे, गाद्या, गोधड्या, भिंती यांत बसतात आणि उन्हाळ्यात घर तापले की पुन्हा वास सोडतात. पडदे, चादरी, गोधड्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा. गाद्यांना चार-पाच दिवस कडक ऊन द्या. भिंती साबणाच्या पाण्याने पुसून मगच रंग किंवा चुना द्या, नाहीतर वास रंगातून वर येतो. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. समोरासमोरच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघड्या ठेवा. धुण्याजोगे नसलेल्या वस्तूंवर खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरवून सकाळी झटकला तर वास बराच उतरतो. मात्र घरात ओढणे चालू असताना हे सगळे करणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे आहे.

४) बाळंतिणीच्या खोलीत धुरी नको. आपल्याकडे ओवा, शेपा, बाळंतशेपा घालून बाळ-बाळंतिणीला धुरी देण्याची आणि खाटेखाली शेगडी ठेवण्याची पद्धत आहे. हेतू चांगला आहे, पण बंद खोलीतली कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइडचे भांडारच असते. शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. ओवा-शेपा आईच्या पोटात जाऊ द्या, बाळाच्या छातीत नको.

५) "ओढत नाही, मग खातो," असा मार्ग काही जण काढतात. भांग किंवा गोळी पोटात घेतली तर असर चढायला तास-दोन तास लागतात. तोवर "काही झालेच नाही" म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग घाबरगुंडी उडते. शिवाय डब्यात ठेवलेली गोळी लहान मुलाच्या हाती लागली तर ते मूल बेशुद्ध होऊ शकते. अशा वेळी घरच्यांनी न लपवता डॉक्टरांना खरे सांगावे. वाफ करून ओढण्याची उपकरणेही सुरक्षित समजू नयेत. अमेरिकेत अशा नळकांड्यांमुळे, प्रामुख्याने गांजाचा अर्क असलेल्या बेकायदा मालामुळे, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसे रुग्णालयात गेली आणि ६८ दगावली. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे.

सोडताना काय होते?

गांजाची सवय लागत नाही हा एक गोड गैरसमज आहे. रोज ओढणारा थांबला की एक-दोन दिवसांत चिडचीड, झोप न लागणे, भयंकर स्वप्ने, भूक मरणे, घाम, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक उतरतो. झोप मात्र उशिरा सुधारते. तंबाखू मिसळून ओढणाऱ्याला दोन्ही सवयींचा त्रास एकदम होतो, म्हणून तंबाखूसाठीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत. "बघा, सोडल्यावर किती चिडता, त्यापेक्षा ओढा बाई," असे म्हणून आपणच हातात चिलीम देऊ नये. ज्यांना भास होतात, संशय येतो किंवा जीव द्यावासा वाटतो, त्यांना उशीर न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

बोलायचे कसे? नशेत असताना नाही. सकाळी, चहा झाल्यावर, दोघेच असताना. मागची वीस वर्षे काढू नका. एकच मागणी मांडा : "लेक येते आहे. बाळ होईल. या घरात धूर नको." ज्याला "सोडा" म्हटले की राग येतो, त्याला नातवंडासाठी उंबरठ्याबाहेर जाणे पटते, असा माझा अनुभव आहे.

कायद्याची भीती असेल तर हे ध्यानात घ्या. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि ओढणे हा गुन्हाच आहे. पण याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये असेही म्हटले आहे की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. म्हणजे दवाखान्याचे दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राचे नाव सर्वांना ठाऊक आहे. घरबसल्या बोलायचे असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा मानसिक आरोग्याचा, असे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. फोन यजमानांनीच केला पाहिजे असे नाही. तुम्हीही करू शकता.

शेवटी

त्या सहा वर्षांच्या मुलाचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्या दिवशी मी बापाला बोलावून रागावलो नाही. पोराच्या पंपाची नळी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "आजपासून रात्रीची फुंकर तुम्ही द्यायची." पंधरा दिवस त्याने दिली. पोर दोन्ही हातांनी नळी धरून श्वास ओढते, ते त्याने रोज जवळून पाहिले. सोळाव्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "खिडकीचे पोते काढले, डॉक्टरसाहेब." पुढे चिलीम आधी अंगणाच्या टोकाला गेली, मग उपचार घेऊन काही महिन्यांनी सुटली. मध्ये दोनदा पुन्हा हातात आली, तेही सांगतो. मुलाचा दमा समूळ गेला नाही, तो त्याच्या प्रकृतीत आहे. पण पंपाची मात्रा निम्म्यावर आली आणि त्या हिवाळ्यात त्याची शाळा बुडाली नाही.

ताई, विहीणबाईंच्या नाकाची चिंता सोडा. घरात धूर झाला नाही तर लपवायला काही उरणारच नाही. तुमच्या लेकीसाठी बाळंतविडा बांधाल, तेव्हा झबली-टोपड्यांबरोबर ही एक स्वच्छ खोलीही तयार ठेवा. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे दुसरे पत्र आले तर मला फार आनंद होईल. नाव-गाव त्यातही घालू नका.